बी साइडवरचं घूंऽऽ

गेल्या रविवारी सकाळी दूध घेऊन वर येत होतो, तर खालच्या मजल्यावरच्या रावकाकांनी जिन्यातच अडवलं. हातात माझी कॅसेट. म्हटलं, आली तक्रार...

रावकाका तंजावरकडचे मराठी, रिटायर्ड शिक्षक. चेन्नईत येऊन मला सहा वर्षं झाली, पण रोज मराठीत बोलणारं माणूस म्हणाल तर हे एकच. त्यांच्याकडे जुना प्लेअर आहे, म्हणून एक कॅसेट त्यांनाही दिली होती.

मी श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्यात क्वालिटीमध्ये आहे, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधतो. घरी मात्र एक्सपेरिमेंटल म्युझिकच्या कॅसेट काढतो. ना सूर, ना ताल... रेडिओची खरखर, लिफ्टचं दार, इडलीचं पीठ वाटणारा ग्राइंडर, असलं सगळं.

आमचा आठ जणांचा ग्रुप आहे. प्रत्येकाने एक तुकडा द्यायचा, मी ते जोडून घरच्या डेकवर एकेक कॅसेट भरायची, कव्हर हाताने कापायचं. एका बाजूला अर्धा तास लागतो, घाई चालत नाही. यंदा आधी चाळीस ए साइड भरल्या, मग चाळीस बी साइड. त्याचा केवढा तोरा होता मला! 'हल्ली कोणी मन लावून ऐकत नाही' असं कव्हरच्या आत छापलंसुद्धा होतं.

महिनाभर नुसतं कौतुक. "बी साइड अंगावर येते." "काय धाडस आहे!" एकाने तर बी साइडवर लांबलचक पोस्ट लिहिली, शहराचा श्वास वगैरे. मी प्रत्येक मेसेजला लाल बदाम देत सुटलो.

तर जिन्यात रावकाका म्हणाले, "मागली बाजू दोन वेळ ऐकिली. नुसतें घूं म्हणून येतें. पाट्टुच असा आहे, की तुमची मिशीन बिघडली?"

पाट्टु म्हणजे गाणं. मी हसलो. म्हटलं, काका, हे संगीतच असं असतं...

"पुढल्या बाजूस कितीतरी आवाज आहेत. मज आवडले नाहींत, पण आहेत. मागें एकच आहे."

वर येऊन कॅसेट लावली. घूंऽऽ. अर्धा तास घूंऽऽ. घरात उरलेल्या दोन लावल्या, तेच. बी साइड सुरू करताना केबल सैल झाली असणार, सगळ्यांत फक्त वायरची घरघर भरली गेली. डेकवरचा आवाजाचा काटा हलत होता, म्हणून मी निर्धास्त. आवाज बंद करून शेजारी ऑफिसचे कॉल घेत बसलो होतो.

म्हणजे चार जणांचं काम गायब, आणि त्यातल्या तिघांनी "सुंदर!" म्हणून कळवलेलं. निम्म्यांकडे प्लेअरच नाही हो. कॅसेट शेल्फवर ठेवायची, फोटो काढायचा, झालं ऐकून... असा संताप आला!

ग्रुपवर सगळं सांगितलं आणि कॅसेट परत मागितल्या. तर उत्तर काय? "दुरुस्त करू नकोस, हाच खरा प्रयोग." पोस्टवाल्याने वर लिहिलं की त्याला पहिल्यापासून अंदाज होता. कोपरापासून हात जोडले.

चौथी मीना. ती बँकेत आहे. तिची आई टी. नगरच्या साडीच्या दुकानात आयुष्यभर उभी होती. आई रिटायर व्हायच्या आठवड्यात मीनाने तिचे आवाज रेकॉर्ड केले होते... साडी फटकन उलगडण्याचे, घडीवर हात फिरवण्याचे. तिने आजवर कोणाला ऐकायला दिलेली ही पहिलीच गोष्ट. टेपवर कसं आलंय, असं तिने विचारलं होतं. मी लिहिलं होतं, "मस्त! आईला ऐकव."

त्या संध्याकाळी तिचा मेसेज आला. तिने खरंच कोणाचा तरी प्लेअर आणला होता. आई चांगली साडी नेसून समोर बसली. अर्धा तास वाट बघत राहिली, आणि शेवटी म्हणाली, "पुढच्या वेळी जरा जवळ धर हं."

मीनाला वाटलं, आपल्यालाच रेकॉर्डिंग येत नाही. महिनाभर ती गप्प होती. खाली एकच प्रश्न लिहिला होता, "तू मस्त म्हणालास, तेव्हा ऐकलं होतंस ना?"

रावकाकांचे आभार मानायला हवेत. न आवडलेली गोष्ट दोनदा ऐकणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. मी तर स्वतःचीच कॅसेट एकदाही ऐकली नव्हती, आणि वर जगाला नावं ठेवत होतो.

मीनाला मराठी येत नाही. म्हणूनच एवढं सगळं इथे लिहून झालं... तिला द्यायचं उत्तर एका शब्दाचं आहे, आणि चार दिवस झाले, ते मला लिहिता येत नाहीये.