भरून परतणारी पुस्तके

एटापल्लीच्या पुढे, डांबरी रस्ता सागाच्या सावलीत हळूहळू मातीचा होतो तिथे, एका आश्रमशाळेत नंदिनी खोब्रागडे ग्रंथालय सांभाळतात. ग्रंथालय म्हणजे एक लांब खोली, लोखंडी कपाटे आणि चटया. दुपारच्या वाचनतासाला खिडकीतून हिरवट उजेड आत झिरपतो आणि मुले पाण्याच्या तळाशी बसल्यासारखी, आवाज न करता वाचत राहतात.

मार्चअखेर मोहफुले गळू लागली की वसतिगृह ओस पडते. फुले वेचायला घराला मुलांचे हात लागतात, आणि वाचन तिथेच थांबते. यंदा नंदिनीबाईंनी मुलांसोबत पुस्तकेही गावी धाडायचे ठरवले. मुख्याध्यापक हरिदास सरांनी संमती दिली, पण अट घालून: पुस्तके खराब झाली, तर पुन्हा एकही शाळेबाहेर जाणार नाही.

पुस्तके परत आली. हरवले एकही नव्हते. मात्र प्रत्येकात काहीतरी ठेवलेले होते. कशात मोहफुले, कशात चारोळी. पाने चिकटली होती, कडांवरून मुंग्या चालत होत्या. सरांनी खडसावले तेव्हा मुलांनी सांगितले, की शेजारच्या घरून आणलेले भांडे कोणी रिकामे परत करत नाही. आयांनी आणि आज्यांनी पुस्तकांनाही तोच नियम लावला होता.

“मुंग्यांसाठी काढलं का बाई वाचनालय?” सर म्हणाले.

नंदिनीबाई कडांवरच्या मुंग्या झटकू लागल्या. अट मोडली होती, हे उघड होते. पण दिलेले नुसते घेऊन न ठेवणाऱ्या, त्याची परतफेड करू पाहणाऱ्या घरांना दोष कोणता द्यायचा, हे त्यांना ठरवता येईना.

त्याच दुपारी नात उर्वशीला सोडायला आलेली इतवारी थेट ग्रंथालयात येऊन चटईवर बसली.

“पोरीनं अर्धीच गोष्ट सांगतली,” ती म्हणाली. “ते कासव नदीपार झालं का नाई?”

सरांनी उर्वशीच्या हातातले ते पुस्तक घेऊन तिच्यापुढे धरले. पुढची पाने तिच्याच मोहाने चिकटली आहेत, हे त्यांनी तिला दाखवले.

“मंग रिकामं धाडू का बाबू? आमाले लाज नाई का?”

नंदिनीबाईंनी बांबूच्या पातळ काडीने एकेक पान सोडवले. त्या मराठीत वाचत, उर्वशी गोंडीत सांगे. जिथे शाई पुसली होती तिथे त्या थांबत. मग इतवारी स्वतःच नदीला पूर आणी, कासवाला ओंडक्यावर चढवी. खोलीभर मोहाचा गोडसर वास दाटला होता. कथा पुस्तकाची किती आणि म्हातारीची किती, हे शेवटी कोणालाच सांगता आले नसते. सर दारात उभे राहून पूर्ण ऐकत होते.

कासव पार झाल्यावर ते म्हणाले, “डागाळलेली गावासाठी ठेवा. कपाटातली मात्र हलणार नाहीत.”

नंदिनीबाईंनी वाद घातला नाही. जे मिळाले ते अर्धेच होते, हे त्या जाणून होत्या. आणि ते त्यांनी घेतले.

मे महिन्यात ती पुस्तके एका घरातून दुसऱ्या घरी परस्पर फिरत होती. त्यांचा ठावठिकाणा बाईंना कधी आठवडी बाजारात कळे. पुष्कळदा कळतच नसे.