तळमजल्याचं घर

"ए बाई, वरपासून झाड. उद्या पूजा हाय इथं."

असं म्हणून एका अनोळखी बाईनं माझ्या हातात खराटा दिला. नवी कोरी बिल्डिंग. मी नुकतीच गेटातून आत आले होते. पर्समध्ये चावी. माझ्या घराची. सरकारी योजनेतलं, सोडतीत लागलेलं, तळमजल्यावरचं घर पहिल्यांदाच उघडून बघायला आले होते.

आणि मी झाडलं.

हसू नका. सिडकोत चार घरची धुणीभांडी करते मी. कुणी खराटा पुढं केला की हात आधी जातो, डोकं मागून येतं. चौथ्या मजल्यापासून झाडत खाली आले. सिमेंटची धूळ, फरशीचे तुकडे, गुटख्याच्या पुड्या. ती कठड्यावरून वाकून म्हणाली, "कोपरा राहिला बघ." मी कोपरा पण काढला. राग आला नाय. काहीच आलं नाय. अंग नुसतं बधिर.

खाली आले, खराटा भिंतीला टेकवला, दाराला चावी लावली. बाई मागोमाग उतरली होती.

"अगं, ही चावी तुझ्याकडं कशी?"

"माझं घर हाय."

तिनं मला खालवर बघितलं, दाराशेजारी चिकटवलेल्या कागदावरचं माझं आडनाव वाचलं आणि तरातरा वर गेली.

ह्या घरासाठी काय कमी हिंडले? पाचोडहून आईला घेऊन शहरात आले तवापासून हिंडतीय. खोली बघायला गेलं की मालकीण आधी आडनाव विचारणार. सांगितलं की खोली कालच गेलेली असायची. शेवटी मिळाली ती पत्र्याची, माडीवर, उभ्या लोखंडी जिन्याची. आईचे गुडघे गेलेले. ती तिथं चढली ती चढलीच. दवाखान्यात न्यायचं तर दोघांनी उचलायचं. खाली उतरून चार बायांत बसावं, एवढीच तिची हौस. म्हणून योजनेत अर्ज भरला. सोडत कॉम्प्युटरनं काढली. त्याला आडनावाशी घेणंदेणं नव्हतं. तळमजला लागला म्हणल्यावर आई हुंदके देऊन रडली. म्हणली, "बाबासाहेबांचा फोटो दारासमोरच लावू."

बाई खाली आली ती नवऱ्याला घेऊन. तो बिडकीनला कंपनीत, ठेकेदाराच्या हाताखाली. कमाई माझ्याइतकीच. नायतर एकाच सोडतीत आम्हाला घरं लागली असती का?

"ताई, रागावू नका," तो म्हणाला. आता मी ताई झाले होते. "मागच्या बिल्डिंगमध्ये तुमच्या लोकांची घरं हायत. तिथला एक जण बदलून द्यायला तयार हाय. चौथा मजला. हवा लई भारी. आपण मिळून ऑफिसात सांगू."

"माझ्या आईला चढता येत नाय."

"लिफ्ट बसणार हाय ना."

"कवा?"

त्यानं बायकोकडं बघितलं. मग बायको बोलली, "इथं सगळ्यांचं देवाधर्माचं असतं. तुम्हालाच अवघडल्यासारखं होईल."

'बघते' हा शब्द माझ्या तोंडाशी आला होता. जन्मभर मालकिणींना हेच म्हणत आलीय. बघते, करते, येते. पण त्या माणसाच्या मागं मघाशी झाडलेला जिना दिसत होता आणि मला वाटलं, ह्यांचं ऐकलं तर आईला परत उचलून वर न्यावं लागंल. परत ती वर कोंडून पडंल.

"नाय," म्हणले.

"ऐकून तर घ्या..."

"नाय म्हणलं ना! घर माझं हाय. आज जिना फुकटात झाडून दिला. उद्यापासून आपापला झाडा."

आवाज माझाच होता, पण मला ओळखू आला नाय. आत गेले आणि रिकाम्या फरशीवर बसून राहिले.

आता आई इथं राहती. जिन्याच्या खालच्या पायरीवर बसती. चार बाया काही जमत नाहीत. लेकरं जवळ आली की वरून हाका येतात. पूजेचा प्रसाद सगळ्या दारांवर गेला, आमचं दार सोडून. मला वाईट वाटलं का? खरं सांगू, काहीच वाटत नाय आता.

निरोप अजून येतात. बदलून घ्या, सगळ्यांच्याच सोयीचं होईल.

बदलणार नाय. विकणार नाय. भाड्यानं देणार नाय. आई थकलीय, आज ना उद्या जाईल. ती ह्याच घरातून जाईल. पुढच्या मोठ्या गेटातून नेईन मी तिला, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. आणि माती देऊन झाली की परत इथंच येऊन राहीन.