गाभाऱ्याशेजारचा स्विच

माझ्या हातातला स्विच परत आत नेण्याआधी त्यांनी त्याच्यावर तीर्थ शिंपडले. माझ्यासमोर. तांब्याच्या पेल्यातून, आंब्याच्या पानाने, तीनदा. देवळाच्या कारकुनाने तो खांद्यावरच्या पंच्याने पुसला. विजेची वस्तू आहे, पाणी लागले तर जळेल, एवढेच मी म्हणालो.

देवस्थान समितीचे सचिव म्हणाले, "जळ्ळी पेटी तर जळूं दी. नवी घेवया."

हे डिचोली तालुक्यातल्या एका देवळात घडले. गावाचे नाव तक्रारीत आहे. इथे देत नाही.

मी नेटवर्कची कामे करतो. राहणारा पेडणे तालुक्यातला, नोकरीला म्हापशातल्या एका छोट्या कंपनीत होतो. देवळाच्या आवारात तीन स्विच होते, म्हणजे कॅमेऱ्यांच्या आणि इंटरनेटच्या वायरी एकत्र जोडणाऱ्या पेट्या. एक कार्यालयात, एक भाविकांना उतरायच्या अग्रशाळेत, एक गाभाऱ्याशेजारच्या खोलीत. तिन्ही वायरींनी गोल जोडलेले, म्हणजे एक वायर तुटली तर दुसरीकडून काम चालावे. अशा गोलात माहिती फिरत राहून सगळेच ठप्प होऊ शकते. म्हणून स्पॅनिंग ट्री नावाची व्यवस्था एक वाट बंद ठेवते आणि गरज पडली की उघडते. इथे ती जुन्या पद्धतीची होती. वाट उघडायला अर्धा मिनिट, कधी त्याहून जास्त. तेवढा वेळ कॅमेरे काळे, पालखीचे थेट प्रक्षेपण बंद. वाट एखाद्या सेकंदात बदलावी म्हणून तिन्ही स्विच जलद पद्धतीवर आणायचे, हे माझे काम.

आदल्या दिवशी फोनवर सचिव मला "बाब" म्हणत होते. "सकाळीं येयात बाब, वांगडा चाय घेवया." पायरीवर भेटल्यावर त्यांनी गाव विचारले. मग आडनाव. मी सांगितले. "बाब" तिथेच संपले.

"तू भायरच बस रे. काय जाय तां कारकुनाक सांग."

दोन स्विच देवळाबाहेरच होते. ते झाले. तिसऱ्याला लॅपटॉप थेट वायरीने जोडावा लागणार होता. दुरून पोहोचायची सोय कोणी ठेवलीच नव्हती. मी तसे सांगितले. त्यांनी तो भिंतीवरून उतरवला आणि बाहेर आणला. लोक चपला काढतात तिथे बसून मी तो जलद पद्धतीवर आणला. मग ते तीर्थ.

मी गप्प बसलो. हेही लिहिले पाहिजे. राग आला नाही असे नाही. नोकरी आठवली.

वडील आठवले. ते दोडामार्गाकडून खाणीवर ट्रक भरायला आले. खाण थांबली तेव्हा चिरे वाहिले. अशाच एका सभामंडपाचे चिरे त्यांनी डोक्यावरून आत नेले. फरशी झाली, पूजा झाली, आणि त्यांची जागा पायरीखाली ठरली. ते कधी काही बोलले नाहीत. आम्ही घरात त्याला समजूतदारपणा म्हणायचो.

स्विच परत बसला. लॅपटॉपवर पाहिले. अग्रशाळेकडून आत जाणारी वायर बंद दिसत होती. कारकुनाने ती नीट बसवली नव्हती, किंवा भलतीकडे खुपसली होती. म्हणजे गोल तुटलेला. आता उरलेली वायर गेली तर अर्धा मिनिट नाही, कोणी येऊन जोडेपर्यंत आतले कॅमेरे काळे.

"माका भितर जावन बघूक व्हया," मी म्हणालो. "दोन मिनटां."

"फोनार सांग ताका."

सांगितले. तीनदा. कारकून निळी का पिवळी विचारत राहिला. मंडपातून कोणीतरी म्हणाले, "भायर बसान पगार घेता मरे हो." हशा झाला.

सचिवांनी घड्याळ पाहिले. "चलता तां पुरो. कागद दी, सही करतंय."

काम पूर्ण झाल्याचा कागद तंत्रज्ञ भरतो. मी भरला. 'जलद पद्धत तिन्ही स्विचवर लावली. अग्रशाळेची वायर बंद. तपासणी झाली नाही. कारण: तंत्रज्ञाला जातीमुळे आत जाऊ दिले नाही.'

त्यांनी वाचला. "ह्यां काय बरयलंस?"

"घडलां तां."

"जातीचा नाव कोणी काडला रे?"

"आडनाव कोणी विचारलां?"

सही झाली नाही. मी अक्षर बदलले नाही.

संध्याकाळी मालकाचा फोन आला. मोठे गिऱ्हाईक आहे, दुसरा कागद कर, विषय संपव. मी नाही म्हटले. "मग उद्यापासून येऊ नको." गेलो नाही. पोलीस ठाण्यात गेलो. तक्रार दिली, कागद जोडला, पोच घेतली.

वडील म्हणाले, "मिटय ते. आमका हंयच रवाचा आसा."

इथेच राहायचे आहे म्हणूनच मिटवणार नाही. हे मी त्यांना तोंडावर सांगितले. आयुष्यात पहिल्यांदा.

आता एकाच्या हाती मालकाचा निरोप आला आहे. तक्रार मागे घे, नोकरी परत मिळेल. आणणाऱ्याला मी तो लेखी द्यायला सांगितले. दिला तर तोही तक्रारीला जोडीन. नाही दिला तर त्याचे नाव, तारीख आणि शब्द मी लिहून ठेवले आहेत.