हॅसलबींचं आडनाव

अलकनंदाबाईंना माणूस भेटला की आधी आडनाव हवं. आडनावावरून गाव, गावावरून कुणाची तरी मावससासू निघतेच; मग चहा. आपल्याकडे हे असंच चालतं, त्यात वावगं काय? पण आयर्लंडमधल्या नावन गावात विचारणार कुणाला? शेजारचा बुवा 'ग्रँड', म्हणजे सगळं छान, एवढं म्हणून हात हलवायचा आणि दार लावून घ्यायचा. यजमान विलासराव जाऊन चार वर्षं झाली होती, मुलगा सारंग टोरांटोला. घर नुसतं खायला उठायचं.

म्हणून शनिवारची वाट. गावाबाहेरच्या हॅसलबी हाऊसमध्ये बाई पाहुण्यांना हवेली दाखवायच्या. पगार नाही, पण व्यवस्थापक नोरीनबरोबर चहा आणि चार माणसांशी बोलणं. हॅसलबी म्हणजे 'वेस्ट इंडीजशी व्यापार करणारं घराणं', असं माहितीच्या कार्डावर छापलेलं होतं आणि बाई ते घडाघडा म्हणत. कसला व्यापार, हे कधी त्यांच्या मनात आलं नाही. खरंच नाही आलं.

एका शनिवारी मलिंगार गावच्या हॉस्पिटलातली एक नर्स आली, एकटीच. कृष्णवर्णीय, मूळची जमैकाची, पन्नाशीची. बाईंनी सवयीनं आडनाव विचारलं.

"हॅसलबी," ती म्हणाली. "मर्लीन हॅसलबी."

झालं. बाईंचा आनंद पोटात मावेना. "अहो, मग तुम्ही घरच्याच की!" असं म्हणत त्यांनी तिला हाताला धरून दिवाणखान्यात नेलं आणि थोरल्या हॅसलबीच्या तैलचित्रापुढे उभं केलं. "हे तुमचे पूर्वज. कपाळ बघा, अगदी तुमच्यासारखं."

मर्लीन चित्राकडे बघत राहिली.

"असेल," ती म्हणाली. "यानं माझ्या माणसांना विकत घेतलं होतं. आफ्रिकेतून जहाजात कोंबून आणलेली माणसं. त्यांची नावं पुसली आणि उसाच्या मळ्यावर त्यांना आपलं आडनाव लावलं, गुरांना डाग देतात तसं. कपाळ कसं आलं असेल, ते तुम्हीच समजा."

"मला माहीत नव्हतं," एवढंच बाई म्हणाल्या.

"तुम्हाला कुणी सांगितलंच नसेल," मर्लीन म्हणाली. तिनं हात हलकेच सोडवून घेतला आणि चहा न घेता निघून गेली.

तो आठवडा बाईंनी वाचनालयातली पुस्तकं वाचण्यात घालवला. आयर्लंडचं खारवलेलं मांस आणि लोणी जहाजं भरभरून वेस्ट इंडीजमधल्या त्याच मळ्यांच्या बेटांवर जायचं, हेही कळलं. पुढच्या शनिवारी त्यांनी कार्ड पर्समध्येच ठेवलं आणि चित्रासमोर सगळं सांगितलं. दोघं-तिघं उठून बागेत गेले. बाकीचे शेवटपर्यंत ऐकत उभे राहिले.

संध्याकाळी नोरीननं बाईंना बाजूला घेतलं. नोरीन काही वाईट नव्हती. "लोक सुट्टीचे येतात गं. कार्डावर आहे तेवढंच सांगशील ना?"

हो म्हटलं असतं तर शनिवार राहिला असता. अलकनंदाबाईंना ते चांगलं ठाऊक होतं.

"नाही जमायचं," त्या म्हणाल्या.

"मग या मोसमात आराम कर," नोरीन म्हणाली.

आराम! त्याला काय तोटा होता घरी? शनिवारी बाईंनी स्वयंपाक केला, भांडी घासली, खिडकीशी बसल्या. केलं त्याचा पस्तावा नव्हता. पण दिवेलागणीला लक्षात आलं, की सकाळपासून तोंडातून एक शब्द बाहेर पडला नव्हता. तेव्हा मात्र त्या रडल्या.