चालू मशीनला कुंकू नाही

सुभाष गेल्याचा निरोप आला तेव्हा मी चाकणला बंद पडलेल्या मशीनमध्ये हात घालून बसलो होतो. मेंटेनन्सच्या ग्रुपवर दोनच ओळी… हार्टचा झटका आला, सकाळी, घरीच. मी मशीन चालू करूनच उठलो. आज वाटतं, तसंच उठून जायला हवं होतं. पण अर्धं काम सोडून उठायचं नाही, हे मला त्यानंच शिकवलं होतं.

सुभाष मेंटेनन्समधलाच माझा सीनियर, मूळचा धाराशिवकडचा, राहायला थेरगावात. घरात टीव्हीखाली भंगारातून आणलेला एक जुना कॉम्प्युटर होता. तोच त्याचा सर्व्हर. घरातले फोटो, मुलींची कागदपत्रं, गावाकडच्या आईशी फोनवर झालेली, रेकॉर्ड केलेली बोलणी, सगळं त्यात. “आपल्या घरच्या वस्तू दुसऱ्याच्या गोदामात कशाला ठेवायलास?” असं, मी फोटो इंटरनेटवर ठेवायचो म्हणून, तो मला विचारायचा. शैलावहिनी त्याला ‘ह्यांचा डबा’ म्हणायच्या.

डब्यावर कोणती फुकटातली ऑपरेटिंग सिस्टिम चालवावी, यावरून आमची वर्षानुवर्षं जुंपायची. मी डेबियनवाला, तो फ्रीबीएसडीचा भक्त. भांडणाचं मूळ मात्र खंडेनवमीत. कंपनीत त्या दिवशी मशीन बंद करूनच पूजा होते. चालू मशीनला कुंकू लावायचं नाही, बोट जायचं. त्याच सवयीनं सुभाषनं एका वर्षी घरीही पूजेआधी मेन स्विच खाली ओढला. डबा तेव्हा नेमका मोबाइलमधले फोटो स्वतःकडे हलवून घेत होता. गावच्या जत्रेतले आईसोबतचे शेवटचे फोटो गेले ते गेलेच. “मशीनची चूक न्हाई राव, हात माझा होता,” एवढंच म्हणाला.

मग एका रविवारी त्यानं दोन जुने डबे शेजारी मांडले. एकावर डेबियन, दुसऱ्यावर फ्रीबीएसडी. फोटो उतरत असतानाच खाडकन पिन उपटायची, परत लावायची आणि ब्रेकडाउनच्या वहीत लिहायचं, ‘उठला’ किंवा ‘नाही उठला’. दोन्ही डबे दरवेळी उठले. पण फ्रीबीएसडीची आखणी त्याला नेटकी वाटायची, आणि तिची माहितीपुस्तिका तो पोथीसारखी वाचायचा. मी आपला म्हणायचो, “डेबियन सगळे वापरतात. अडलं तर कुणीतरी सांगतंच.”

“कुणीतरी म्हंजे कोण? नाव सांग!” तो हसून म्हणायचा. निकाल अर्थातच फ्रीबीएसडीचा लागला. मी फुरंगटलो आणि ती कधी शिकलोच नाही. हट्टच तो, दुसरं काय!

तेराव्यानंतर वहिनींचा फोन आला. “भाऊजी, पाहुण्यांनी मोबाइल लावायला डब्याची पिन काढली. आता काहीच उघडंना. ह्यांचा आवाज त्यातच हाय हो.”

फ्रीबीएसडीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. तरी गेलो, स्क्रीन जोडली, बटण दाबलं… आणि समोर अक्षरं उमटली, डेबियन! मी बघतच राहिलो. वहिनींनी ती वही आणून दिली. शेवटचं पान त्यानं गेल्या वर्षी दवाखान्यातून घरी आल्यावर लिहिलेलं होतं. “फ्रीबीएसडीच चांगली. पण मी नसलो तर शैलाला विचारायला कुणीतरी पाहिजे. कुणीतरी म्हणजे भास्कर. म्हणून डेबियन टाकली.” भास्कर म्हणजे मी. खाली पासवर्ड होता आणि डबा नीट बंद करायची रीत, पायरीपायरीनं. मी वहिनींसमोरच रडलो. मग पासवर्ड टाकून आवाज लावला. सुभाष आईला विचारत होता, “जेवलीस का?” वहिनी तेवढंच तीनदा ऐकत बसल्या.

परवा खंडेनवमी झाली. घरात यंदा सण नव्हता. पण ह्यांच्या हत्याराची पूजा चुकवायची नाही, असं वहिनींनी ठरवलं होतं. डबा बंद करायला वहीत बघून एकेक अक्षर त्यांनी स्वतः टाइप केलं. डब्याचा दिवा विझेपर्यंत थांबल्या. कुंकवाचा करंडा मी उचलणार, तर म्हणाल्या, “द्या इकडं, मीच लावते.” पाहुण्यांपैकी कुणीतरी चुळबुळलं. वहिनींनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. रात्रभर डबा बंदच ठेवला.

दसऱ्याला सकाळी मी कामावर निघालो होतो, तेवढ्यात त्यांचा मेसेज आला. एकच शब्द होता, ‘उठला.’