आप्पांचं पास झालेलं बीपी

दंडावरचा पट्टा सैल झाला आणि सिस्टरनं तो पुन्हा फुगवायला घेतला. मग हात बदलून आणखी एकदा.

परवा आप्पा नुसते भिंतीकडं बघत होते. एरवी इथं बसले की सिस्टरची थट्टा केल्याशिवाय उठत नाहीत.

आप्पा म्हणजे माझे वडील. रेल्वेत इंजिन चालवायचे, दौंडहून. रिटायर झाल्यावर ते आणि आई दौंडलाच राहतात, मी लग्नानंतर शिरूरला. गेले काही महिने त्यांना शिरूरच्या एका डॉक्टर मॅडमना दाखवतोय.

कारण विसरणं. आधी साधंच होतं... चष्मा, गॅस, कुणाचं तरी लग्न. मग दिवाळीनंतर एका संध्याकाळी ते भाजी घेऊन थेट जुन्या रेल्वे क्वार्टरवर गेले. ते सोडून वर्षं झालीत. दार वाजवलं आणि आतल्या माणसांनाच विचारलं, तुम्ही कोण?

त्या भल्या लोकांनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, आईला फोन केला. घरी आल्यावर आप्पा म्हणाले, "पाय गेले सवयीनं. त्यात काय एवढं." आम्ही हसलो. नंतर आई मोरीत जाऊन रडली.

आप्पांची आई शेवटी कुणालाच ओळखत नव्हती. स्वतःच्या लेकाला ती "पाव्हणं" म्हणायची. घरात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आता तीच होती.

बीपीची गोळी आप्पांना फार वर्षांपासून आहे. पण बीपीवर कुणाचा संशय नव्हता. मॅडमकडं दर वेळी मोजलं की उत्तम. गोळी रोज घेता ना, असं विचारलं की आप्पा म्हणायचे, व्हय.

मग मॅडमनी मेंदूचा एमआरआय करायला सांगितलं. तो करून दोघं माझ्याकडंच थांबले, रिपोर्ट घेऊन पुढच्या सोमवारी जायचं होतं. परवा सकाळी दवाखान्यातून फोन आला... मॅडम गावाला चालल्यात, आजच या.

"सोमवारचं ठरलंय ना? सोमवारीच जाऊ," आप्पा म्हणाले. दोनदा म्हणाले. मला वाटलं, रिपोर्टची भीती असेल.

तर दवाखान्यात सिस्टरनं आकडा सांगितला. मॅडमनी स्वतः मोजून बघितलं. खूपच वाढलेलं होतं.

"काका, आज काय झालं?"

"आज तयारी न्हाई झाली."

"कसली तयारी?"

आप्पांनी आधी आईकडं बघितलं. मग सांगितलं... इंजिनवरच्या माणसांची ठरावीक काळानं मेडिकल होते. तिथं बीपी वाढलेलं निघालं की गाडीवरून उतरवतील, ही धास्ती. म्हणून आप्पा मेडिकलच्या आधी आठवडाभर गोळी वेळेवर घ्यायचे. लोणचं-पापड बंद, रात्री लवकर झोप. पास झाले की गोळ्या कपाटात. मधल्या काळात डोकं दुखलं तर एखादी.

नोकरी संपली, ही रीत राहिली. मॅडमनी दिलेली तारीख त्यांच्या लेखी मेडिकलच होती.

"रोज खाल्ली तर सवय लागती. मग वेळेला लागू पडत न्हाई," ते म्हणाले.

आता आई बोलली. "पेन्शन सुरू झाली तरी पास व्हायचंय. आता कुठली गाडी देणार हायेत तुम्हाला?"

"तुला काय कळतंय. रेकॉर्ड चांगलं हाय माझं."

सिस्टरला हसू आवरेना. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी एमआरआयची फिल्म उजेडाला लावली.

मेंदूत खोलवर लहान पांढरे ठिपके होते. मॅडमनी समजावलं... आतल्या रक्तवाहिन्या फार बारीक असतात. वर्षानुवर्षं दाब जास्त राहिला की त्यांच्या भिंती जाड होतात, कडक होतात. रक्त पुरेसं पोचत नाही आणि तेवढ्या तेवढ्या जागेला इजा होते. मग आठवायला वेळ लागतो, कधी मधलंच काही सुटतं. दुखत काही नाही, त्यामुळं कळतही नाही.

"बीपी चांगलं असताना हे ठिपके एवढे कसे, हेच मला कळत नव्हतं," त्या म्हणाल्या. "आज कळलं."

मी विचारलं, आजीसारखं...?

तसं आत्ता तरी दिसत नाही, मॅडम म्हणाल्या. पडलेले ठिपके पुसले जाणार नाहीत. पण दाब सतत ताब्यात राहिला तर नवे पडणं कमी होईल, हे विसरणं इथंच थोपवता येईल. लक्ष ठेवायचं, तपासत राहायचं.

आईनं पदरानं चष्मा पुसला, घातला, पुन्हा काढून पुसला. मी खुर्चीत मागं टेकले... बऱ्याच महिन्यांनी.

आप्पांची अडचण वेगळीच होती. "म्हंजी मी नापास?"

"नापास," मॅडम म्हणाल्या. "बरं झालं. आजही पास झाला असतात तर मी भलतीकडंच शोधत बसले असते."

बाहेर आल्यावर स्टँडजवळ उसाचा रस घेतला. आप्पांनी रसवाल्याला सांगितलं, माझ्यात मीठ टाकू नको. आईनं विचारलं, "कवापर्यंत?" ते नुसते हसले.

तुमच्या घरातही कुणाचं बीपी दवाखान्यात गेलं की नॉर्मल येत असेल, तर मधल्या दिवसांत घरी एकदा मोजून बघा. न सांगता.

मॅडम कुठल्या गावाला गेल्या, कशासाठी गेल्या, मला माहीत नाही. लग्न असेल, बारसं असेल... जे असेल ते नीट पार पडो.

काल सकाळी आप्पा चहाला बसले. आईनं विचारलं, गोळी घेतली? म्हणाले, घेतली. मी आत जाऊन पाकीट बघितलं. घेतली होती.