पडद्यावरचा दंड

पुरुषांचे एक हसू असते, बाई दारात आली की थांबणारे. धुळ्यातल्या आमच्या कॉलेजच्या मराठी विभागाकडे येताना बोळातच मला ते ऐकू आले. खालच्या पट्टीतले, चहाच्या घोटांत मुरलेले. मी उंबऱ्यात पाऊल ठेवले आणि ते थांबले. बशीवर कप टेकल्याचा तेवढा आवाज झाला. खोलीत दोघे होते: आमचे विभागप्रमुख आणि माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारे सहकारी. दोघांच्या नजरा संगणकावरून माझ्याकडे वळल्या, आणि त्या जिथून आल्या होत्या तिकडे मी पाहिले.

पडद्यावर एका बाईचा उघडा दंड होता.

तो संथपणे मोठा होत डावीकडे सरकत होता. पदर मागे घेतलेला, चोळीची बाही वर सारलेली, आणि सुरकुतलेल्या सावळ्या कातडीवर हिरवट निळ्या ठिपक्यांची वेल. मग तो दंड विरघळला आणि त्याच्या जागी दुसऱ्या बाईची पोटरी आली. तिच्यामागून स्नेहसंमेलनातला हार-तुऱ्यांचा फोटो. मग पुन्हा तोच दंड.

मी पुढे होऊन पडद्याचे बटण दाबले. काच बोटांना गरम लागली.

ती छायाचित्रे माझी होती. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात मी बायकांच्या गोंदणाचे नमुने गोळा करत होते. दंडावरचे आणि पोटरीवरचे गोंदण परक्याने पाहायचे नसते. त्या दंडाची मालकीण, जिला सारे गाव अक्का म्हणते, तिने घराचे दार लोटून घेतले होते आणि बाही वर करण्याआधी मला बजावले होते, "एक पण माणूसले दखाडू नको." पुरुषाच्या नजरेस पडू द्यायचे नाही, एवढीच तिची अट होती. मी शब्द दिला होता: फोटोवरून मी हाताने रेषा उतरवीन, छापला जाईल तो फक्त नमुना, अंग कुणाला दिसणार नाही.

"अहो मॅडम, उद्या तपासणी समिती येतेय ना," सहकारी म्हणाले. "मशीन नुसतं पडलं की काळं दिसतं. म्हटलं, विभाग जरा जिवंत वाटू दे. या लिनक्सच्या स्क्रीनसेव्हरमध्ये झकास सोय आहे. फोल्डर दाखवायचं, बाकी तो बघतो."

"माझ्या फोल्डरवर 'खाजगी, उघडू नये' असं लिहिलेलं आहे."

"मी कुठं उघडलं? मी आपलं चित्रांचं मोठं फोल्डर दिलं. तो आतल्या फोल्डरांत पण जातो, हे मला काय माहीत?"

हे खरे होते, आणि म्हणूनच माझा संताप अधिक झाला. ओसरी दाखवली म्हणून स्क्रीनसेव्हर आतल्या घरात शिरला, आणि जे दिसले ते बाहेर आणून मांडले, हे मी समजू शकते. ते यंत्र आहे. पण पहिला दंड दिसल्यावर माणसांनी काय केले? त्यांनी चहा मागवला.

"आणि दंडच तर आहे," सहकारी हसत म्हणाले. "सेमिनारात तुम्हीच म्हणाला होतात, ही कला आहे म्हणून. कला बघायची नाही, तर मग काय करायचं?"

"ज्यानं दाखवली नाही, त्याची बघायची नाही."

"आता मॅडम कविता करणार," विभागप्रमुख म्हणाले, आणि घोट घेतला.

आमच्या विभागात संगणक एकच, त्याचे खातेही सर्वांचे एकच, आणि पासवर्ड पडद्याच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठीवर. नमुने स्कॅन करायची सोय तिथेच, म्हणून माझ्या लॅपटॉपवरचे फोटो तिथेही. माझ्या टेबलाच्या खणाला कुलूप नाही; म्हणून काही कुणी माझी पर्स उघडून बसत नाही. मग काचेमागची वस्तूच तेवढी बेवारस कशी?

चित्रांचा तो खेळ मी त्याच दिवशी बंद केला. मग रविवारी जळगावच्या घरी, कूलरच्या ओल्या वाळ्याच्या वासात, मी माझा लॅपटॉप उघडला. त्यावरही लिनक्स हीच प्रणाली आहे. स्क्रीनसेव्हरची माहितीपुस्तिका मी तशीच वाचली, जशी अवघड कविता वाचते: एकेका ओळीवर थांबून, क्रियापद कुठे आहे ते शोधत. पूर्वीच्या जाड काचांवर एकच चित्र फार वेळ राहिले तर त्याचा डाग कायमचा उमटे. काचेलाही गोंदण होई. ते टाळायला हलती चित्रे आली. म्हणजे स्क्रीनसेव्हर जन्मला तो काचेला जपायला. काचेमागच्या माणसाला जपणे हे त्याचे कामच नव्हते. ते कुलपाचे काम, आणि कुलूप वेगळे लावावे लागते. चित्र नाचत असते, पाहणाऱ्याला वाटते दार बंद आहे, आणि माउसला धक्का लागला की सगळे घर उघडे.

सोमवारी धुळ्याला आल्यावर मी त्या संगणकावर माझे वेगळे खाते केले आणि फोटो त्यात हलवले. फोल्डरमधून चित्रे उचलायची स्क्रीनसेव्हरची परवानगी काढून घेतली. पडद्यावर जे उघडे असेल त्याचीच छबी घेऊन खेळ करायची आणखी एक परवानगी होती, तीही काढून घेतली. नाचऱ्या चित्रांच्या लांबलचक यादीतून मी निवडला नुसता काळा पडदा. एक मिनिट हात लागला नाही की काळोख, आणि काळोख होताक्षणी कुलूप.

तास घेऊन परतले, माउस हलवला, आणि माझे सगळे समोर उघडे पडले. कुलूप लागलेच नव्हते. पुन्हा वाचले तेव्हा उमगले, की त्या संगणकाच्या नव्या डेस्कटॉपचे कुलूप निराळे होते, आणि काळोख करणारा स्क्रीनसेव्हर त्या कुलपाशी बोलत नव्हता. डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये जाऊन मी त्या कुलपालाही तेच सांगितले. या वेळी काळ्यातून एक छोटी चौकट उगवली आणि तिने मला विचारले, तू कोण? इतक्या सभ्यपणे मला त्या खोलीत बऱ्याच दिवसांत कुणी वागवले नव्हते.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुख त्या चौकटीपुढे उभे होते.

"हे कुलूप काढा मॅडम. विभागाचं मशीन आहे."

"विभागाचं खातं उघडंच आहे, सर. हे माझं आहे."

"आता आम्ही चोर ठरलो," सहकारी म्हणाले. "पर्स सांभाळा हो मॅडम."

"आपण इथं कुटुंबासारखे राहतो," विभागप्रमुख म्हणाले. "कुटुंबात कुणी कड्या लावून बसतं का? तुम्ही फार मनाला लावून घेता."

"सर, तुमच्या कुटुंबातल्या बाईचा उघडा दंड या पडद्यावर आला असता, तर तुम्ही चहा मागवला असता?"

सहकाऱ्यांनी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा ओढून घेतला. "विषय वाढवू नका," एवढे म्हणून विभागप्रमुख तासाला गेले, आणि कुलूप राहिले.

पण मी शब्द दिला होता तो त्या दोघांना नव्हे. बसने शिरपूरपर्यंत आणि पुढे रिक्षाने मी गावात गेले. अक्का चुलीपुढे ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापत होती. तव्यावरच्या पिठाचा करपट गोड वास खोलीभर होता. मी सगळे सांगितले. नवा बंदोबस्तही सांगितला, काळा पडदा, कुलूप, पासवर्ड. जरा अभिमानाने, हे आता कळते.

तिने भाकरी उलटली. "कितला माणसं व्हतात?"

"दोन."

"हसनात का?"

मी खोटे बोलू शकले नाही. "हो, अक्का. हसले."

"माले दखाड."

मी लॅपटॉप उघडला, पासवर्ड घातला आणि तिचा दंड तिच्यासमोर आणला. पिठाचा हात पदराला पुसून ती वाकली. त्या वेलीचा कोपराकडे वळणारा शेवटचा फाटा माझ्या कागदावर अजून उतरायचा होता, आणि तशी वेल मला दुसऱ्या कुठल्याच बाईच्या अंगावर आढळली नव्हती. तिने स्वतःला बराच वेळ न्याहाळले. मग बाही खाली ओढून घेतली, जणू ते दोघे दारातच उभे होते.

"अक्का, आता हे कुणाला उघडता येणार नाही," मी म्हणाले. "पक्कं कुलूप आहे. फक्त मी बघू शकते."

तिने माझ्याकडे पाहिले, मग पडद्यावरच्या दंडाकडे.

"पुस."